सुभेदारांच्या विरोधातलं एक मत

गावाचं नाव सांगत नाही. सदलगा आणि निपाणी यांच्या मध्ये कुठंतरी आहे, एवढं पुरे. यात येणाऱ्या माणसांची नातवंडं अजून तिथं तंबाखू लावतात आणि त्यांचं माझं बरं आहे. त्या गावच्या लोकलबोर्डाच्या शाळेत मी अकरा वर्षं मास्तर होतो. बेळगावात वाढलेला, ट्रेनिंग पास झालेला, काळी टोपी घालणारा. गावाला शहाणं करून सोडायचं, असं ठरवूनच मी तिथं गेलो होतो.

पहिल्याच सकाळी शाळेच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीला टेकलेले, उंच, खाली धोतर, वर खाकी कोट, डोक्याला फेटा. हातात चांगली कमरेएवढी काठी होती. ती त्यांनी दाराबाहेर भिंतीला टेकवली, ती पडत नाही ना हे दोनदा पाहिलं आणि मग आत आले. मला रामराम घातला आणि माझ्याकडं पाठ करून पोरांना विचारलं,

"पोरांनो, ह्ये नवं मास्तर. ठिवायचं का माघारी धाडायचं? ठिवायचं म्हणतील त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. एकानं तर दोन्ही केले. मला बरं वाटलं. म्हटलं, गाव गुणी आहे.

"मास्तर, तुमच्या हातात काय हाय?"

"छडी."

"ती भाईर ठिवून या."

मी छडी बाहेर त्यांच्या काठीशेजारी ठेवून आलो. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता निम्मेच हात वर आले. मघाशी दोन्ही हात वर करणारा पोरगा पाटीवर काहीतरी गिरवत बसला होता.

"आता खरं झालं," ते म्हणाले. "निम्मी पोरं तुमच्याकडची हाईत. पयल्या दिवशी वाईट न्हाय. घ्या छडी, लागा शिकवायला."

हे सुभाना सुभेदार. गाव त्यांना सुभेदारआप्पा म्हणे. पहिल्या महायुद्धात ते इराकात बसऱ्याच्या बाजूला हवालदार होते, पुढं सुभेदार होऊन पेन्शनीवर आले. गावात पेन्शनीतले आणखी दोघे होते. ते भेटेल त्याला लढाई सांगत. सुभेदारांना लढाईबद्दल फारसं बोलायला आवडत नसे. त्यांचं डोकं लढाई संपल्यानंतर काय झालं, त्यात अडकलं होतं.

त्यांची काठी हा गावात थट्टेचा विषय होता. चार माणसांनी मिळून काही ठरवायचं असेल, तिथं ते काठी बाहेर ठेवून आत जात. देवळाच्या पंचांची बैठक असो, लग्नाची बोलणी असोत, की जत्रेत कुस्तीच्या जोड्या लावायच्या असोत. निपाणीच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर बैल बघायला गेलो. उघड्या माळावर काठी बाहेर ठेवायला बाहेर असं काही नव्हतंच. तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि मला दहा पावलं लांब जाऊन उभं राहायला सांगितलं. सौदा होईपर्यंत मी उन्हात काठी धरून उभा होतो. बैल दुसऱ्यानंच नेला.

घरातही हाच कारभार. बायको गौराक्का, मुलगा, सून आणि ते अशी चार माणसं. सकाळी उंबऱ्याबाहेर काठी ठेवून विचारत, "आज वांगं का पावटा?" मुलगा वांगं म्हणे, ते वांगं म्हणत, सून सासूच्या तोंडाकडं बघे. सगळ्यांचं सांगून झालं की गौराक्का चुलीपासून न उठता म्हणत, "झाली मतं? आता पावटा खावा. वांगी घरात न्हाईत."

"मग आधी सांगाय न्हाय व्हय?"

"तुमी मला इचारलासा कुठं?"

या वेडामागची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली. शाळा सुटली होती आणि आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. पुढं ती मी अनेकदा ऐकली. शब्द कधी बदलले नाहीत.

"लढाई संपल्ती. तुर्क गेलता. आता त्या मुलखाचं काय करायचं? सायब म्हणाला, आपुन जबरदस्ती करायची न्हाय. ह्यांनीच सांगायचं, राज्य कसलं पायजे. मग तंबू ठोकला. गावोगावचं म्होरकं बोलवलं. मेजावर कागूद. त्यावर काय पायजे त्ये आधीच लिवल्यालं. आन तंबूच्या दाराशी मी. हातात बंदूक, बंदुकीला संगीन." इथं ते थांबत. "आत लोक आपखुशीनं अंगठं देत हुते."

"त्यांना धमकवायला सांगितलं होतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"छ्या. हलू नको, एवढंच सांगितल्तं. मी हललो न्हाय. हललो असतो, तर एवढं भ्यालं नसतं कुणी."

त्या म्होरक्यांत एक म्हातारा होता. अंगठ्याची शाई तंबूच्या कापडाला पुसून तो बाहेर आला आणि सुभेदारांसमोर थांबला. चार वर्षांत पलटणीतल्या लोकांना तिकडची बाजारबोली येऊ लागली होती आणि तिकडच्यांना आपली. म्हाताऱ्यानं झग्यातून दोन खजूर काढले, एक यांना दिला आणि विचारलं, तुझ्या गावात राज्य कुणी बसवलं? लोकांना विचारून बसवलं का?

"मी म्हणालो, व्हय. इचारलं. आमीच निवडलं."

"असं का सांगितलंत?"

"परमुलखात गावाची अब्रू घालवू काय? लाज वाटली, बोलून बसलो. म्हाताऱ्याला खरं वाटलं. म्हणाला, नशीबवान हाय तुजं गाव. आन दुसरा खजूर बी मलाच दिला." सुभेदार धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत, जणू तो खजूर आत्ताच खाल्ला होता. "पयला खजूर माझ्या हक्काचा हुता, मास्तर. दुसरा मी खोटं बोलून खाल्ला."

ते खोटं त्यांना मरायच्या आत खरं करायचं होतं. कुणाचा धाक नसताना आपल्या गावानं एकदा तरी आपल्या मनानं काहीतरी ठरवावं, आणि ते आपण डोळ्यांनी पाहावं. माणसाला जमिनीचा लोभ असतो, मानाचा असतो. सुभेदारांना हा असला लोभ होता.

संधी आली ती मामलेदारांच्या पायांनी. गावात पंचायत करायची, सरपंच निवडायचा असा वरून हुकूम आला होता. आदल्या दिवशी येसबानं दवंडी दिली. दवंडीचं काम त्याच्याकडं वाडवडिलांपासून होतं. वेशीबाहेरच्या वस्तीत राहणारा, सुभेदारांच्याच वयाचा, काटक माणूस. "उद्या चावडीत सभा हाय होऽ, समद्या गावानं यायचं होऽ." दुसऱ्या दिवशी समदा गाव चावडीत जाऊन बसला आणि येसबा आपल्या लोकांबरोबर रिवाजाप्रमाणं पायऱ्यांखाली उभा राहिला. खालून ऐकायची मुभा होती, बोलायची नव्हती. मी वही घेऊन मामलेदारांशेजारी बसलो. हे असंच असतं म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे.

मामलेदार म्हणाले, "सुभेदारसाहेब सरपंच. पसंत असेल त्यांनी हात वर करा."

झाडून सगळे हात वर. सांबऱ्याचा एक बैलांचा व्यापारी सोयऱ्याकडं आला होता, त्याचासुद्धा. एक म्हातारबा भिंतीला टेकून झोपले होते, त्यांचा हात शेजाऱ्यानं उचलून धरला.

"ह्ये धरायचं न्हाय," सुभेदार म्हणाले. "फेर घ्या."

काठी बाहेर होतीच. आता त्यांनी बिल्ले लावलेला कोट काढून बाहेर नेऊन ठेवला. मामलेदारांचा पट्टेवाला दारात उभा होता, त्याला विहिरीवर पाणी प्यायला पाठवलं. पाटलांना घटकाभर बाहेर बसायला सांगितलं. बाळगोंडा पाटील वतनदार माणूस, आपल्याच चावडीतून बाहेर जायची त्यांच्यावर पहिलीच वेळ. ते जे रागावले, ते पुढं नऊ वर्षं रागावलेलेच राहिले. मग सुभेदार लोकांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसले.

"आता इचारा."

पुन्हा सगळे हात वर. मी त्यांना तसं सांगितलं. भिंतीकडं बघतच त्यांनी तिसरा फेर मागितला. तिसराही तसाच गेला, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. ताडकन उठले आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "आरं, तुमच्यातला एक तरी गडी माझ्या विरोधात हात वर करतोय का न्हाय?"

चावडीच्या आढ्यातली कबुतरं उडाली. आणि सगळ्या गावानं घाबरून विरोधात हात वर केला. व्यापाऱ्यानंही केला. म्हातारबा आता जागे झाले होते, त्यांनी आपला आपण केला.

मामलेदारांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या वहीत तोवर दोन ओळी झाल्या होत्या. पहिली, सुभेदार यांची सर्वानुमते निवड झाली. दुसरी, सुभेदार यांस सर्वानुमते विरोध झाला. पाटलांच्या वाड्यावरून पुरणपोळ्यांचा वास येऊ लागला होता. "पहिली ओळ ठेवा, मास्तर," म्हणून मामलेदार उठले.

असे सुभेदार सरपंच झाले. त्यांनी रस्ता केला, विहिरीचा कठडा बांधला आणि चावडीच्या दारात कुणी उभं राहायचं नाही असा ठराव केला. पण मन लागेना. दर पाडव्याला सभा बोलावून विचारत, मला ठेवायचं का काढायचं? हात वर जात. मग शेवटी "विरोधात कोण?" असं विचारून ते लोकांच्या तोंडांवरून नजर फिरवत. विरोधात कुणी नसे. पुढं पुढं तो प्रश्न म्हणजे सभा संपल्याची खूण झाली. त्यांनी विरोधात कोण म्हटलं की लोक उठून चपला शोधू लागत. सुभेदार घरी जाऊन जेवायचे नाहीत. गौराक्का मला म्हणायच्या, "मास्तर, तुमी तरी करा की एकदा हात वर. माणूस उपाशी झोपतंय." मी गावचा मतदार नव्हतो, नाहीतर केला असता.

मग सत्तेचाळीस साल आलं. इंग्रज निघाले. गावात झेंडा कुणी लावायचा हे ठरवायला सभा बोलावली. येसबानं दवंडी दिली. सुभेदारांचं नाव निघालं आणि सगळे हात नेहमीसारखे वर गेले. आता ते साठीचे झाले होते, गुडघे धरले होते. सवयीनं त्यांनी विचारलं, "विरोधात कोण?" लोक उठले, चपलांचा आवाज सुरू झाला.

"मी हाय," खालून आवाज आला.

पायऱ्यांखाली येसबाचा हात वर होता.

"खालच्यांचं मत धरायचं न्हाय," पाटील म्हणाले. नऊ वर्षांत चावडीत ते प्रथमच बोलले.

सुभेदारांना ते ऐकूच गेलं नसावं. एकेक पायरी धरत ते खाली उतरले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मुलगा झाल्याचं कुणी येऊन सांगावं, तसा तो झाला होता.

"येसबा, तू? का रं?"

"दोन कारणं हाईत, सुभेदार. एक म्हंजे तुमचा गुडघा. चार पायऱ्यांला दोनदा थांबताय, झेंड्याची दोरी वडताना पडशीला. आन दुसरं, दारात कुणी उभारायचं न्हाय असा ठराव तुमीच केलासा. आमी अजून दाराभाईर उभा हाय."

"मग इतकी वर्सं बोलला न्हाईस त्ये?"

"बोलायची मुभा हुती व्हय? हात तेवढा वर करत हुतो. दर पाडव्याला केलाय. तुमी वरच बघत हुता."

 नऊ वर्षं सुभेदार एका मतासाठी गावभर तोंडं न्याहाळत होते आणि मत चार पायऱ्या खाली हात वर करून उभं होतं. त्यांनी मान वर करून मला सांगितलं, "मास्तर, लिवा. विरोधात एक."

माझी लेखणी अडली. पाटलांची भीती होती, हे कबूल करतो. पण तेवढंच नव्हतं. पहिल्या दिवशी मी छडी बाहेर ठेवली, निम्मे हात वर आले आणि आम्ही दोघे खूश झालो, त्या वेळी व्हरांड्यात चार पोरं बसलेली होती. येसबाचा नातू त्यांच्यात होता. रिवाजाप्रमाणं ती बाहेरच बसत. त्यांचे हात मोजायचं ना सुभेदारांना सुचलं, ना ट्रेनिंग पास झालेल्या मला. मला माझीच लाज वाटली. मी लिहिलं, विरोधात एक. अक्षर वाकडं आलं, ते वहीत अजून असेल.

"फेर," सुभेदार म्हणाले. "ह्या वक्ताला समद्यांनी वर यायचं."

कुणी हलेना. तेव्हा सुभेदारांनी येसबाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या आधारानं पायऱ्या चढू लागले. गुडघ्यासाठी धरला, असं त्यांनी घरी सांगितलं. येसबामागून बाकीचे सातजण आले. पाटलांकडचे दहा-बाराजण तावातावानं बाहेर पडले, पण आपण गेलो तर आपली मतं बुडतील हे पाटलांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच हाका मारून सगळ्यांना परत बसवलं. मग स्वतःचं नाव पुढं केलं. मी हात मोजले, पुन्हा मोजले. पाटील तीन मतांनी निवडून आले.

सुभेदार घरी गेले ते पोरासारखे. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, हरलो म्हणून. गौराक्कांनी विचारलं, "कुणी हरवलं?" तर म्हणे, "समद्यांनी मिळून." त्या रात्री ते चार भाकरी जेवले. "लग्नात बी येवढं खूश नव्हतं," असं आक्का मला दुसऱ्या दिवशी जराशा घुश्शातच म्हणाल्या.

मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, सगळ्यांना वर घेतलंत आणि निवडून आले पाटील. ज्यांना हे नको होतं, तेच."

ते काठीशी चाळा करू लागले. "त्येच तर," म्हणाले. "सायबाला ह्येच भ्या हुतं. म्हणून कागूद आधी लिवून आणल्ता. भ्या खोटं न्हाय, मास्तर. त्यानं दुसरं काय कराय पायजे हुतं, ह्ये मला अजून सांगता येत न्हाय. पर मी तिथं दाराशी उभारायला नको हुतं, येवढं कळतंय."

पंधरा ऑगस्टला सकाळी चावडीपुढं गाव जमलं. पाटील जरीचा फेटा बांधून वर झेंड्याच्या काठीपाशी उभे होते. सुभेदारांना वर बसायला खुर्ची ठेवली होती. ते बिल्ले लावून आले आणि खुर्चीकडं न जाता पायऱ्यांखाली येसबाशेजारी जाऊन उभे राहिले. येसबानं खटकन सलाम ठोकला. त्यालाही पलटणीची सवय होती. लढाईत तोही बसऱ्याला खेचरं हाकायला होता, पण हे कुणाच्या फारसं लक्षात नसे.

पाटलांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना. भलतंच टोक ओढल्यानं गाठ घट्ट बसली होती. त्यांनी घाम पुसत सुभेदारांकडं पाहिलं. पलटणीत सुभेदारांनी असे पन्नास झेंडे सोडले असतील. पण ते जागचे हलले नाहीत. "निवडून आलाय," ते हळूच म्हणाले. "वडू दे त्येलाच."

पोरं चुळबुळ करायला लागली, म्हणून मी झेंड्याची वाट न बघता लाडू वाटायला घेतले. वाटत वाटत या दोघांपाशी आलो, तेव्हा सुभेदार येसबाला विचारत होते,

"येसबा, त्यो म्हातारा हयात असंल का रं? कळवाय पायजे हुतं, आता खोटं न्हाय म्हणून."

"कुठला म्हातारा? तंबूतला? त्यो कवाच गेला असंल. त्येचा उंटवाला असंल. तरणा हुता."

"तुला काय ठावं?"

"ठावं नसाय काय झालं? तुमी दाराशी हुता, मी मागं खेचरं धरून हुतो. उंटवाला माझ्याशेजारीच उनात बसल्ता. सकाळपास्नं उपाशी. धन्याजवळ दोन खजूर हाईत, एक माझा, म्हणून वाट बघत हुता. म्हातारा आला त्यो रिकाम्या हातानं."

सुभेदारांनी बोटं धोतराच्या सोग्याला पुसली. नंतर म्हणाले, "मग?"

"मग काय. माझ्याजवळ सरकारी बिस्कुट हुतं. निम्मं त्येला दिलं, निम्मं मी खाल्लं."

मी लाडू पुढं केला. सुभेदारांनी तो घेतला, हातात धरून पाहत राहिले आणि येसबाच्या हातात ठेवला. येसबानं तो फोडला आणि निम्मा परत त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या काळी वेशीबाहेरच्या माणसाच्या हातचं गावातलं कुणी घेत नसे. सुभेदारांनी तो सगळ्या गावादेखत तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. वर पाटलांची गाठ अजून सुटली नव्हती.